पाहुण्यांपुढचे रुपे : जुन्या चांदीच्या भांड्यांची हकीकत

(पॉइंट कुक येथील शब्बाथोत्तर मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले लेखन)



गेली काही वर्षे आपल्यापैकी पुष्कळ जण मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारीत आले आहेत. कोणाजवळ आजीचे तबक आहे, कोणी येथील लिलावातून इंग्रजी चहादाणी घेतली आहे, कोणाच्या कपाटात काळे पडलेले डझनभर चमचे पडून आहेत. या चांदीचे करायचे काय? ती पाहुण्यांसाठी वापरावी, की जपून ठेवावी, की विकून मोकळे व्हावे? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ही भांडी कोठून आली, कशाची बनली आणि आपल्या घरात कोणत्या वाटेने शिरली, हे पाहणे अवश्य आहे.

प्रथम कोकणाकडे वळू. अलिबाग, पेण, पनवेल या भागांतील आपले पूर्वज तेल गाळणारे, शेती करणारे आणि पुढे सैन्यात नोकरी धरणारे लोक होते. शनवार तेली हे आपले जुने नाव त्या धंद्याचे आणि शब्बाथ पाळण्याचे असे दुहेरी स्मारक आहे. अशा घरांत रोजची भांडी मातीची, तांब्याची आणि पितळेची असत. चांदी असे ती थोडी, आणि तिचे काम ठरलेले असे. तान्ह्या बाळाला दूध किंवा गुटी पाजण्याचे बोंडले, एखादी वाटी, पाण्याचा पेला, किद्दुशचा प्याला, लग्नकार्यात गुलाबदाणी, अत्तरदाणी आणि विड्यांचे तबक. मलिद्यासाठी पोहे, नारळ, गूळ किंवा साखर, सुका मेवा आणि फळे ज्या ताटात मांडीत, ते ऐपत असेल तर चांदीचे, नसेल तर लखलखीत घासलेले पितळेचे. एलियाहू हान्नाबीच्या नावाने मांडलेले ताट कोणत्या धातूचे आहे, यावर बिरखा अवलंबून नसे. परंतु घरातील जे उत्तम ते या ताटासाठी काढावयाचे, हा रिवाज मात्र पक्का होता.

ही चांदी कोठून येई? गावच्या सोनाराकडून. आणि सोनाराकडे ती बहुतेक वेळा रुपयांच्या रूपाने जाई. १८३५ पासून कंपनी सरकारने एकसारखा रुपया सुरू केला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, म्हणजे आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम, आणि त्यातील बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. म्हणून रुपया हे नाणेही होते आणि वजनही होते. तबक साठ रुपयेभर आहे असे म्हटले की साठ रुपये आटवून केलेले, सुमारे सातशे ग्रॅमचे, असा अर्थ कोणालाही कळे. घरधनी रुपये मोजून देई, सोनार मजुरी वेगळी घेई, आणि भांडे तयार झाले की तराजूच्या दुसऱ्या पारड्यात तितकेच रुपये टाकून खातरजमा करून घेता येई. अडचण आली तर तेच भांडे पुन्हा वजनावर मोडता येई. आपल्या आज्यांच्या लेखी चांदीचे ताट म्हणजे जेवणाचे भांडे तर होतेच, शिवाय ती घरात ठेवलेली पेढीही होती.

पुढे १८९३ साली सरकारने टाकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या. जगात चांदी स्वस्त होत होती आणि रुपयाची किंमत मात्र त्यातील धातूपेक्षा वर धरून ठेवण्यात आली. त्यामुळे रुपये आटवणे नुकसानीचे झाले आणि सोनार बाजारातील चांदीच्या लगडी वापरू लागले. १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ पासून रुपया निकेलचा झाला. ज्या घरात 'हे ताट रुपयांचे आहे' असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, त्या ताटाच्या वयाचा अंदाज बांधताना ही सनावळी उपयोगी पडते.

आता एक प्रश्न स्वाभाविकपणे येतो. तांब्यापितळेची भांडी होतीच, तर पाहुण्यांपुढे चांदी का? त्याचे कारण केवळ मिरवणे हे नव्हे. आपला स्वयंपाक आंबट. कोकम, चिंच, लिंबू आणि ताक यांवाचून आपले पान पुरे होत नाही. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, हे येथे बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. म्हणूनच अनाशी धाकाच्या सणाआधी, म्हणजे पेसाहच्या तयारीत, कल्हईवाल्याची वाट पाहिली जाई. चांदीत आंबट पदार्थ कळकत नाही. चांदीच्या वाटीतील सोलकढी शेवटच्या घोटापर्यंत जशीच्या तशी राहते.

गंमत अशी की, सातासमुद्रांपलीकडे इंग्रजांनाही हीच अडचण होती. त्यांच्या पोलादी सुऱ्या मासळीला आणि लिंबाला लागल्या की पदार्थाला लोखंडी चव येई. म्हणून मासळीसाठी चांदीच्या निराळ्या सुऱ्या-काट्यांची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी न गंजणारे पोलाद पुढे आणले आणि मग ही गरज हळूहळू संपली. इंग्रजी घरांतील मासळीच्या सुऱ्यांचे मखमली खोके आज लिलावात स्वस्त मिळतात, त्याचे मूळ येथे आहे. आपल्या घरांतून कल्हईवाला नाहीसा झाला, त्यालाही हेच पोलाद कारण झाले.

इंग्रजी अमलात हिंदुस्थानी कारागिरांना नवे गिऱ्हाईक मिळाले. भुज येथे कच्छच्या महाराओंच्या पदरी असलेले उमरसी मावजी हे त्यांपैकी सर्वांत नामांकित. वेलबुट्टीच्या दाट नक्षीत दडलेले पशुपक्षी ही त्यांच्या उठावाच्या कामाची ओळख, आणि त्यांचा छाप म्हणजे ओ. एम. ही आद्याक्षरे व भुज हे गावाचे नाव. मद्रासेकडे देवादिकांच्या आकृती असलेली भांडी होऊ लागली. त्यांना स्वामी पद्धतीची चांदी म्हणत. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, त्यांना मिळालेले नजराणे विलायतेत प्रदर्शनात मांडले गेले, आणि या कामाची मागणी आणखी वाढली. आकार विलायती, नक्षी देशी. चहादाणी, दुधाचे भांडे, साखरेची वाटी, भेटपत्रांची तबकडी हे आपल्या सोनारांना परके असलेले आकार त्यांनी पाहता पाहता आत्मसात केले.

आपल्या समाजातील सुभेदार, कारकून, शिक्षक आणि पुढे डॉक्टर व परिचारिका यांच्या घरी हे आकार त्याच काळात आले. परंतु येथे एक भेद नीट समजून घ्यावा. आपल्या घरांतील सगळीच पांढरी भांडी चांदीची नव्हती. जर्मन सिल्व्हर म्हणून जे ओळखले जाते, त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते. चांदी मुळीच नसते. त्यावर विजेच्या साहाय्याने चांदीचा पातळ थर चढवण्याचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० साली घेतले. त्याच्याही आधी, सुमारे १७४३ मध्ये, शेफील्डचे टॉमस बोल्सोव्हर यांनी तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडण्याची युक्ती काढली होती. या दोन शोधांमुळे जे टेबल पूर्वी उमरावांचे होते, ते दुकानदाराला आणि कारकुनालाही मांडता येऊ लागले.

मग ओळखावे कसे? इंग्लंडमध्ये बनलेल्या खऱ्या चांदीवर छापांची एक ओळ असते. चालणारा सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. बिबट्याचे मुख असेल तर तपासणी लंडनची, नांगर असेल तर बर्मिंगहॅमची, जुना मुकुट असेल तर शेफील्डची. एक अक्षर वर्ष सांगते, आणि कारागिराची आद्याक्षरे वेगळी असतात. राजा किंवा राणीचे मुख दिसले, तर त्या भांड्यावर जकात भरलेली आहे. हा छाप १७८४ ते १८९० या काळातला. याउलट ई.पी.एन.एस. ही अक्षरे असली तर भांडे मुलाम्याचे. गावच्या सोनाराने घडवलेल्या आपल्या भांड्यांवर मात्र पुष्कळदा एकही छाप नसतो. छाप नाही म्हणून चांदी खोटी, असा निष्कर्ष काढू नये. येथील दुकानदार छाप न दिसल्यामुळे असे भांडे बाजूला सारतो, हे मी पाहिले आहे. अशा वेळी जाणकाराकडून धातूची परीक्षा करून घ्यावी.

आता आपण जेथे बसलो आहोत त्या भूमीकडे येऊ. आपल्या वस्तीपासून थोड्याच अंतरावर, समुद्राच्या काठी, पॉइंट कुकचा जुना वाडा उभा आहे. टॉमस चर्नसाइड या स्कॉटिश मेंढीपालकाने तो १८५७ मध्ये बांधला. याच कुटुंबाने १८७४ ते १८७७ या काळात वेरिबी पार्कचा भव्य प्रासाद उभारला. मूळ रहिवाशांच्या हातून गेलेल्या जमिनीवर आणि लोकरीच्या पैशावर ही घराणी उभी राहिली, हेही विसरता कामा नये. अशा घरांत शिकारीला, नृत्याला आणि मेजवान्यांना पाहुणे येत. त्या काळी जेवणाची पद्धतही बदलत होती. पूर्वी सगळे पदार्थ एकदम मांडीत. आता एकामागून एक वाढू लागले. प्रत्येक पदार्थाला नवा चमचा, नवी सुरी, नवा काटा लागे. पदार्थांनी भरलेले टेबल मधोमध मोकळे झाले, तेथे फुलांचे आणि फळांचे उंच चांदीचे पात्र आले. याचसाठी जुन्या इंग्रजी चांदीत एवढे प्रकार आणि एवढी संख्या आढळते.

या देशानेही स्वतःची चांदी घडवली. अॅडलेडला जर्मनीहून आलेले वेन्ट आणि श्टायनर यांच्यासारखे रुपकार एमू पक्ष्याचे गडद हिरवे अंडे चांदीच्या कोंदणात बसवून प्याले आणि शोभापात्रे करीत. १८८३ साली ब्रोकन हिल येथे चार्ल्स रास्प यांना जो खनिजाचा साठा सापडला, त्याने तर ऑस्ट्रेलियाला चांदीच्या मोठ्या उत्पादकांत नेऊन बसवले.

अशी भांडी आज येथील लिलावांतून, जुन्या वस्तूंच्या दुकानांतून आणि धर्मादाय दुकानांतून मिळतात. आपल्यातील काही तरुण जोडपी ती हौसेने जमवू लागली आहेत. हौस चांगलीच आहे. परंतु आपल्या टेबलावर येण्यापूर्वी त्या भांड्याला आपल्या नियमशास्त्राच्या दारातून यावे लागते. गणना, म्हणजे बमिदबार, या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात मिद्यानी लोकांकडून आलेल्या भांड्यांचा विषय आहे. सोने, रुपे, पितळ, लोखंड, कथील आणि शिसे या सहा धातूंची नावे तेथे घेतली आहेत, आणि अग्नी व पाणी यांनी ती शुद्ध करावीत असा आदेश आहे. जुन्या बाजारातील चमच्याला हाच आदेश लागू पडतो.

त्याची रीत थोडक्यात अशी. भांडे प्रथम स्वच्छ घासावे. चोवीस तास ते वापरू नये. नंतर खळखळ उकळत्या पाण्यात ते पूर्ण बुडवावे. हे झाल्यावर मिक्वेत त्याचे विसर्जन करावे. दराची चिकटपट्टी, तिचा गोंद, नक्षीच्या खाचांत सुकून बसलेली पांढरी पॉलिशची भुकटी हे सारे आधी काढावे, कारण पाणी सर्वत्र लागले पाहिजे. समुद्र हा मिक्वे म्हणून ग्राह्य आहे, आणि तो आपल्या दाराशीच आहे. मात्र खाऱ्या पाण्याने चांदीवर डाग पडतात, म्हणून विसर्जनानंतर लगेच गोड्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे. भरतीओहोटी पाहावी, भांड्याला सैल दोरा बांधावा, आणि वाऱ्याच्या दिवशी हा उद्योग करू नये.

येथे एक धोक्याची सूचना देते. जुन्या सुऱ्यांच्या मुठी बहुधा पोकळ असतात, आत राळ भरलेली असते. उकळत्या पाण्यात ती राळ वितळते आणि पाते मुठीतून निखळते. हस्तिदंती मुठीला तडे जातात. म्हणजे अशा सुऱ्या आपल्या नियमाने शुद्ध करणे कठीण. चमचे आणि काटे एकसंध धातूचे असतात, त्यांना ही अडचण नाही. तेव्हा घेताना चमचे घ्या, ताटे घ्या, वाट्या घ्या. सुऱ्यांचा मोह टाळा. मुलाम्याचा थर झिजून खालची धातू दिसत असेल, सांध्यांना डाक लावलेला असेल, तर आपल्या रब्बींना दाखवून मगच निर्णय करावा. दुधाचे आणि मटणाचे भांडे कोणते, हे पहिल्याच दिवशी ठरवून घरातील सर्वांना सांगावे. चांदीला खूण करण्यासाठी रंग लावू नये; नक्षीचा प्रकार वेगळा निवडला की काम भागते.

आता निगेविषयी. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या वायूमुळे. अंड्याच्या बलकात गंधक असते, म्हणून अंड्याला चांदीचा चमचा लावू नये. रबराच्या पट्टीने चमचे बांधून ठेवले तर पट्टीच्या आकाराचा काळा डाग कायमचा बसतो. मीठ तर वैरी आहे. जुन्या मीठदाण्यांना आतून सोन्याचा मुलामा किंवा निळ्या काचेची वाटी असे, ती याचसाठी. मलिद्याच्या ताटात खारवलेले पिस्ते मांडायचे तर खाली केळीचे पान घालावे. आपल्या आया रांगोळीने चांदी घासत. लखलखाट येई, पण दर घासणीला नक्षीचा एक कण जाई. मुलाम्याच्या भांड्यावर तर रांगोळी वापरूच नये. गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि तळाशी अॅल्युमिनियमचा कागद असे केले म्हणजे काळेपणा पुष्कळ उतरतो. मात्र उठावाच्या नक्षीतील खोलगट काळोख तसाच ठेवावा. त्यानेच पानाफुलांना उठाव येतो. आणि भांडी धुण्याच्या यंत्रात जुनी चांदी कधीही घालू नये. नित्य वापरून साबणाने हाताने धुतलेली चांदी सहसा काळी पडत नाही. काळी पडते ती कपाटात कोंडलेली.

चांदीच्या पेल्यातील पाणी औषधी असते का, हेही मला नेहमी विचारले जाते. परिचारिका म्हणून उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. चांदीच्या क्षारांना जंतुनाशक गुण आहे, यात संशय नाही. नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालण्याची लायप्झिगच्या क्रेडे यांची पद्धत १८८० नंतर जगभर पसरली आणि तिने असंख्य मुलांची दृष्टी वाचवली. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर लावायचे चांदीयुक्त पांढरे मलम माझ्या पिढीतील प्रत्येक परिचारिकेने हाताळले आहे. परंतु म्हणून पेल्यातील पाणी औषध होत नाही. चांदीचे द्रव औषध म्हणून पिण्याचे जे खूळ अधूनमधून निघते, त्यापासून दूर राहा; त्याने कातडी कायमची निळसर-करडी होऊ शकते. बाळाचे बोंडले मायेने वापरा, पण प्रत्येक वेळी उकळत्या पाण्याने स्वच्छ करून.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येते. ठेवावी, वापरावी की विकावी? जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतील हंट बंधूंच्या खरेदीमुळे चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेला, आणि मार्चमध्ये कोसळला. त्या थोड्या आठवड्यांत जगभर अगणित जुनी भांडी मुशीत गेली. २०२५ च्या ऑक्टोबरात भावाने तो उच्चांकही ओलांडला. आज वजनावर चांदी घेणारे आपल्या उपनगरातही आहेत. त्यांच्या तराजूला उमरसी मावजींची नक्षी दिसत नाही, की तबकाच्या पाठीवर टाचणीने कोरलेले पणजीचे नाव दिसत नाही.

गरजेपोटी कोणी चांदी मोडली, तर त्याला दोष देऊ नये. अडीअडचणीला मोडता यावी म्हणूनच ती घडवलेली होती. हिंदुस्थानातून इस्राएलास किंवा येथे येताना अनेक कुटुंबांनी तिकिटासाठी, शिक्षणासाठी ताटे मोडली, आणि ती त्या ताटांची सर्वांत चांगली मेजवानी ठरली. परंतु गरज नसताना, केवळ मुलांना नको आहेत म्हणून ती मुशीत घालणे वेगळे. मुलांना ती नको असतात, कारण त्यांनी ती कधी वापरात पाहिलेलीच नसतात. बंद कपाटातील वस्तूचा लळा कोणाला लागतो? ज्या नातवाने शब्बाथच्या संध्याकाळी किसमिसांचे शरबत त्या प्याल्यातून घेतले आहे, तो तो प्याला वजनावर देणार नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, घरातील प्रत्येक जुन्या भांड्याची नोंद करा: कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या प्रसंगी आले, वजन किती, छाप कोणता. छायाचित्राच्या मागे किंवा वहीत लिहा. पण भांड्यावर काही चिकटवू नका. दुसरी, ती चांदी पाहुण्यांपुढे आणा. पाहुणा मोठा असण्याची वाट पाहू नका. नव्याने या देशात आलेला विद्यार्थी, रात्रपाळी करून आलेली शेजारीण, एकटे पडलेले वृद्ध, हेच आपले पाहुणे. आब्राहाम आपल्या तंबूच्या दारात बसले होते तेव्हा आलेले तिघे कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. तरी उत्तम तेच पुढे ठेवले गेले. तिसरी सूचना सिनेगॉगच्या समितीला आहे. पुढील मलिद्याला प्रत्येक घराने आपले एक जुने भांडे, चांदीचे, मुलाम्याचे किंवा पितळेचे, आणावे आणि त्याची हकीकत दोन वाक्यांत सांगावी. सांगणारे आज आपल्यात आहेत. भांडी टिकतील, सांगणारे किती दिवस टिकतील, याचा हिशेब आपण सर्वांनी करावा.

 चहा तयार आहे, आणि आज तो चांदीच्या चहादाणीतून आहे.